वेरूळचा कातळ आणि अठराव्या शतकाच्या अखेरचे विज्ञान

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अठराव्या शतकाच्या अखेरच्या तीन-चार दशकांतील वैज्ञानिक शोध आणि सागरी मोहिमा यांवर प्रसिद्ध झालेला सविस्तर लेख मी काळजीपूर्वक वाचला. कॅप्टन जेम्स कुकच्या तीन सफरी, विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ या गावी पाहिलेला युरेनस, लाव्हाझिएचे ज्वलनाविषयीचे प्रयोग, माँगोल्फिए बंधूंनी १७८३ मध्ये आकाशात सोडलेला फुगा आणि एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये टोचलेली देवीची लस, असा मोठा पट एका पानात बसवणे सोपे नव्हते. लेखकाने ते नेटकेपणाने केले आहे. तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात ज्याचा सारा सेवाकाळ गेला, त्याला अशा लेखाचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही लेख संपल्यावर एक रुखरुख उरली, आणि तिच्यापोटीच हे पत्र लिहीत आहे. जालना, परभणी किंवा बीडमधील दहावीच्या विद्यार्थ्याने हा लेख वाचला, तर त्या काळात ज्ञान तिकडे जन्माला आले आणि कालांतराने जहाजातून इकडे उतरले, अशी त्याची समजूत होईल. ही समजूत खरी नाही. तिच्या नेमकी उलट असलेली आणि अलीकडे व्यासपीठांवरून मोठ्या आवाजात सांगितली जाणारी समजूत, म्हणजे हे सारे आपल्याला आधीपासूनच ठाऊक होते, तीही खरी नाही. त्या काळात ज्ञानाची देवाणघेवाण कशी झाली आणि त्यात कोणाचे नाव टिकले व कोणाचे पुसले गेले, हे समजून घेण्यासाठी आपल्याला लंडन-पॅरिसला जाण्याची गरज नाही. त्याचा एक भक्कम पुरावा आपल्याच जिल्ह्यात, वेरूळच्या डोंगरात आहे.

आधी त्या काळात खरोखर नवे काय होते, ते सांगतो. कुकच्या पहिल्या सफरीचे जाहीर उद्दिष्ट नवी भूमी शोधणे हे नव्हते, तर ३ जून १७६९ रोजी होणारे शुक्राचे अधिक्रमण ताहिती बेटावरून पाहणे हे होते. शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकत असताना पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिले, तर त्याचा काळा ठिपका किंचित वेगवेगळ्या रेषांवरून जाताना दिसतो आणि म्हणून बिंब ओलांडायला त्याला लागणारा वेळही ठिकाणागणिक वेगळा भरतो. वेळेतील हा फरक आणि त्या ठिकाणांमधील अंतर ठाऊक असले, की सूर्य आपल्यापासून किती दूर आहे हे गणिताने काढता येते. त्यासाठी एकाच दिवशी कोणी ताहितीत, कोणी हडसन उपसागराच्या काठी, कोणी नॉर्वेच्या उत्तर टोकाला तर कोणी कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पात दुर्बीण लावून बसले होते. त्यांतील कित्येक एकमेकांना ओळखतही नव्हते, काहींचे देश तर नुकतेच एकमेकांशी लढले होते. या सर्वांच्या नोंदी एकत्र करून थॉमस हॉर्न्सबी याने १७७१ मध्ये सूर्याचे अंतर सुमारे ९ कोटी ३७ लाख मैल काढले. आज आपण ते सुमारे ९ कोटी ३० लाख मैल मानतो. म्हणजे चूक एक टक्क्याच्याही आत होती.

याच अधिक्रमणासाठी गियोम ल जांतिय नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद भारतात आला होता. १७६१ च्या अधिक्रमणाला तो पाँडिचेरी गाठणार होता, पण ते गाव तोवर इंग्रजांच्या हाती गेले होते, आणि हलत्या जहाजावरून घेतलेल्या वेधाचा काही उपयोग नव्हता. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षे हिंदी महासागराच्या परिसरातच थांबला. १७६९ मध्ये पाँडिचेरीत सारी सिद्धता झाली आणि नेमक्या त्या घटकेला आभाळ भरून आले. या माणसाचे दुर्दैव सर्वत्र सांगितले जाते, पण त्याने या काळात केलेले दुसरे काम फारसे कोणी सांगत नाही. त्याने तमिळ ज्योतिषांकडून ग्रहणाचे गणित शिकून घेतले. कागद-लेखणीशिवाय, कवड्या मांडून आणि पाठ केलेल्या सूत्रांच्या आधारे ते हे गणित झपाट्याने करत, असे त्याने लिहून ठेवले आहे. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा कालावधी या पद्धतीने ४१ सेकंदांनी कमी आला होता, तर युरोपातील त्या काळच्या उत्तम मानल्या गेलेल्या टोबियास मायरच्या कोष्टकांनुसार तो ६८ सेकंदांनी जास्त आला होता.

हे वाचून आपली मान उंचावणे स्वाभाविक आहे, पण तिथेच थांबू नये, अशी माझी विनंती आहे. ४१ सेकंदांची चूक नेमकी कोणत्या आकड्यातून येते हे शोधायचे, तर वेध घ्यावा लागतो, घेतलेला वेध लिहावा लागतो आणि लिहिलेले अनोळखी माणसांपुढे तपासणीसाठी ठेवावे लागते. आपल्या ज्योतिषशास्त्रात बीजसंस्काराची, म्हणजे जुन्या स्थिरांकांत वेधानुसार दुरुस्ती करण्याची परंपरा होती. मात्र ती घराण्याघराण्यांत आणि पोथ्यापोथ्यांत विखुरलेली राहिली. लंडनची रॉयल सोसायटी आणि पॅरिसची विज्ञान अकादमी यांच्यापाशी छापील इतिवृत्ते होती, आणि एकाची चूक दुसऱ्याने दाखवून देणे हे तिथे शत्रुत्वाचे नव्हे तर नित्याचे काम होते. बुद्धीत आपण उणे नव्हतो, उणीव या व्यवस्थेची होती.

आता वेरूळकडे येतो. सर चार्ल्स वॉर मॅलेट हा पुण्याच्या पेशवे दरबारातील कंपनी सरकारचा वकील होता. वेरूळच्या लेण्यांचे त्याने १७९४ मध्ये लिहून पाठवलेले वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये छापून आले. या वर्णनातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की लेणी किती जुनी आहेत या प्रश्नावर त्याने स्थानिक लोकांकडून ऐकलेल्या दोन हकिकती शेजारीशेजारी दिल्या आहेत. एका मुसलमान माहितगाराच्या मते ती इल राजाने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कोरवली होती, तर एका ब्राह्मणाच्या मते एलिचपूरच्या (आजच्या अचलपूरच्या) इलू राजाच्या या कामाला सात हजारांहून अधिक वर्षे झाली होती. आज आपण कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरले गेले असे मानतो, म्हणजे १७९४ मध्ये ते साधारण हजार वर्षांचे होते. त्या मुसलमान माहितगाराच्या तोंडी आलेली परंपरा खऱ्याच्या बरीच जवळ होती. दोन परस्परविरोधी हकिकती जशाच्या तशा कागदावर उतरल्या, म्हणूनच आज आपण त्यांची तुलना करू शकतो. एकच निवडून दुसरी गाळली असती, तर तेवढा पुरावा कायमचा नाहीसा झाला असता.

या मॅलेटसाठी वेरूळची रेखाटने करणारा माणूस होता पुण्याचा गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. मॅलेट आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या प्रेरणेने सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू झाली होती. गंगाराम त्याच मंडळींतला. त्याच्या हाताला मराठी कारागिरीचे वळण होते आणि नव्याने शिकलेले यथार्थ दर्शनाचे व मोजमापाचे तंत्रही त्याने आत्मसात केले होते. पुढे वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने वेरूळच्या लेण्यांचा चोवीस चित्रांचा मोठा संच १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला, आणि आमच्या डोंगरातले हे काम युरोपातल्या वाचकांनी प्रथमच इतक्या तपशिलाने पाहिले. वेल्स स्वतः हे पाहायला उरला नव्हता. १७९५ मध्येच त्याचा मृत्यू झाला होता. गंगारामची रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपून ठेवलेली आहेत. दूरच्या त्या संग्रहालयात त्याचे नाव आदराने घेतले जाते, आणि त्याने ज्या खांबांची व शिल्पांची रेखाटने केली, त्यांच्यासमोर दरवर्षी सहलीला उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलांना मात्र हे नाव ऐकूनही माहीत नसते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

कुकच्या सफरीतही असाच एक माणूस होता. तुपाइया हा ताहितीत राहणारा पुरोहित आणि कसलेला दर्यावर्दी १७६९ मध्ये कुकच्या जहाजावर चढला. प्रशांत महासागरातील कित्येक बेटांची नावे आणि दिशा त्याच्या स्मरणात होत्या, आणि त्यांवरून त्याने बेटांचा नकाशा तयार करवून घेतला. न्यूझीलंडच्या माओरी लोकांशी बोलणे झाले तेही त्याच्यामुळे. इंग्लंडला पोहोचण्याआधीच १७७० च्या अखेरीस बटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथे तो मरण पावला. शोधमोहिमांचा इतिहास लिहिताना कप्तानाचे नाव मोठ्या अक्षरांत आणि वाटाड्याचे नाव तळटीपेत, हीच रीत पडली आहे. ती मोडायची, तर आपल्या भागातील वाटाड्यांपासून सुरुवात करणे हे आपलेच काम आहे.

त्याच १७९४ सालची आणखी एक हकीकत इथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यात नाव गमावलेला माणूस आपला आहे. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक बसवून दिले. आधी मेणाचा पातळ पत्रा तुटलेल्या नाकावर नाकाच्या आकारात बसवला. मग तोच सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्या कडेने रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवून घेतली. मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली, म्हणजे नवी जागा धरेपर्यंत कातडीला रक्त मिळत राहावे. ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवली आणि पाण्यात भिजवलेल्या काथाच्या पट्ट्यांनी चिकटवून ठेवली. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापून टाकली. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती, आणि कावसजीचे चित्र काढणारा चित्रकार होता तोच जेम्स वेल्स. हे वर्णन वाचलेल्या लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, याच पद्धतीने शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि आधुनिक युरोपीय सुघटन शल्यचिकित्सेची (प्लास्टिक सर्जरीची) वाट त्यातून मोकळी झाली.

कातडीचा तुकडा पूर्ण तोडायचा नाही, तो रक्तपुरवठ्यासह वळवायचा, हे या शस्त्रक्रियेचे मर्म आहे, आणि आजचे शल्यविशारदही ते तसेच मानतात. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक घडवण्याचा विधी आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते सांगावेच. परंतु १७९४ मध्ये हे कौशल्य ज्याच्या बोटांत जिवंत होते, तो संस्कृत पंडित नव्हता. तो विटा भाजून पोट भरणाऱ्या समाजातला होता, आणि त्याच्या समाजाची नोंद झाली तरी त्याचे स्वतःचे नाव त्या पत्रात नाही. पुण्याच्या दप्तरात प्रत्येक घोड्याच्या दाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या समाजाला या माणसाची विद्या कागदावर उतरवावीशी का वाटली नाही, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. याचे उत्तर परकीयांवर ढकलता येणार नाही. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञानच न मानण्याची आपली जुनी खोड त्याच्या मुळाशी आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता कातळाविषयी. ज्या दगडात कैलास कोरला गेला, त्या काळ्या पाषाणाबद्दल, म्हणजे बेसाल्टबद्दल, नेमक्या त्याच दशकांत युरोपात तुंबळ वाद चालू होता, आणि आपल्या पुरवणीतील लेखात याचा उल्लेखही नाही, हे मला सर्वांत खटकले. जर्मनीतील फ्रायबेर्ग येथील खाणविद्यालयात शिकवणारा आब्राहाम वेर्नर हा त्या काळचा खनिजशास्त्रातील मोठा अधिकारी. प्राचीन समुद्राच्या पाण्यातून थर बसत बसत बेसाल्ट तयार झाला, असे त्याचे म्हणणे होते आणि त्याचे शिष्य ते युरोपभर सांगत होते. फ्रान्समधील निकोला देमारे याने ओव्हेर्न्य प्रांतात फिरून याच्या नेमके उलट दाखवले होते. तिथल्या विझलेल्या ज्वालामुखींच्या लाव्हाप्रवाहांचा माग काढत गेले असता तेच प्रवाह बेसाल्टच्या स्तंभांपाशी पोहोचतात, हे त्याने प्रत्यक्ष पायी फिरून नोंदवले. एडिंबरोच्या जेम्स हटनने १७८५ मध्ये वाचलेल्या आणि १७८८ मध्ये छापलेल्या निबंधात असे खडक पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने वितळून वर आलेले आहेत, आणि पृथ्वीची घडण होण्यास कल्पनेपलीकडचा दीर्घ काळ लागला, असे मांडले.

हटनच्या विरोधकांचा एक आक्षेप बिनतोड वाटत असे: दगड वितळवून थंड केला तर काच होते, मग बेसाल्ट वितळलेला होता तर तो काचेसारखा का नाही? हटनचा मित्र सर जेम्स हॉल याने ओतशाळेच्या भट्टीत तसलाच दगड वितळवला आणि तो अतिशय सावकाश निवू दिला, तेव्हा काच न होता त्याचा पुन्हा कणीदार दगड झाला. भराभर निववला तर मात्र काच झाली. प्रयोगशाळेत लहान प्रमाणात केलेल्या कामावरून निसर्गातील प्रचंड घडामोडींबद्दल काही सांगता येत नाही, असे हटनचे मत होते. त्याच्याविषयीच्या आदरामुळे हॉलने हे प्रयोग त्याच्या हयातीत पुढे नेले नाहीत, आणि १७९७ मध्ये हटन वारल्यानंतरच, १७९८ मध्ये, ते विद्वानांपुढे ठेवले. ज्या दशकात मॅलेट आणि गंगाराम वेरूळच्या काळ्या भिंतींपुढे उभे होते, त्याच दशकात त्या भिंती कशाच्या आहेत याचा निकाल एडिंबरोच्या एका भट्टीत लागत होता. विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट सांगितली, की मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकून बसतात, हा माझा अनुभव आहे.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडचा काही भाग सोडला, तर जवळजवळ सारा मराठवाडा याच दगडावर उभा आहे. हे लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे जे खोल विंधनछिद्र घेण्यात आले, त्यात या पाषाणाची जाडी सुमारे ३४० मीटर भरली आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. आमच्याकडचे विहीर खोदणारे लोक मुरूम, मांजऱ्या आणि कठीण काळा पाषाण हे थर नुसत्या टिकावाच्या आवाजावरून ओळखतात, आणि कोणत्या थराखाली पाणी लागेल याचा त्यांचा अंदाज बहुधा चुकत नाही. मांजऱ्यात छिद्रे का असतात, तर लाव्हा गोठताना त्यातील वायू वर सुटत होते म्हणून. त्या छिद्रांत नंतर पांढरी खनिजे कशी भरली, हे समजावून सांगायला महागडे साहित्य लागत नाही. हॉलचा प्रयोग शाळेत करणे शक्य नाही, पण तुरटीचे गरम संपृक्त द्रावण दोन भांड्यांत घेऊन एक गार पाण्यात झटकन आणि दुसरे कापडात गुंडाळून सावकाश निववले, की बारीक आणि मोठे स्फटिक मुलांना डोळ्यांनी दिसतात.

या साऱ्या ज्ञानव्यवहाराची दुसरी बाजू मी लपवू इच्छित नाही. मॅलेट हा प्रथम राजकारणी होता आणि लेणी हा त्याचा फावल्या वेळचा विषय होता. त्याचे वर्णन रवाना झाले त्याच सुमारास मराठे आणि निजाम यांच्या फौजा समोरासमोर येत होत्या, आणि ११ मार्च १७९५ रोजी आमच्या बीड जिल्ह्याच्या सीमेलगत खर्ड्याची लढाई झाली. जेम्स रेनेलने १७८० च्या दशकात छापलेला हिंदुस्थानचा नकाशा विद्वानांच्या उपयोगी पडला, तसाच तो फौजांच्याही उपयोगी पडला. ज्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात वेरूळ छापले गेले, तिने १८२९ पर्यंत एकाही भारतीयाला सदस्य करून घेतले नाही. हे सगळे मुलांना सांगावे. त्यामुळे त्या काळच्या शोधांचे मोल कमी होत नाही, ते कोणत्या किमतीला मिळाले एवढे कळते.

पावसाचा उल्लेख केल्याशिवाय मराठवाड्यातील माणसाचे पत्र पुरे होणार नाही. १७८९ पासून काही वर्षे पाऊस वारंवार फसला, आणि १७९१-९२ मध्ये निजामाच्या मुलखासह दख्खनभर जो भीषण दुष्काळ पडला, त्याला कवट्यांचा दुष्काळ असे नाव पडले, कारण प्रेतांना मूठमाती द्यायलाही माणसे उरली नव्हती. त्या काळात आंध्रच्या किनाऱ्याजवळ सामलकोट येथे विल्यम रॉक्सबर्ग हा कंपनीचा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ पावसाची आणि हवेच्या दाबाची नोंद ठेवत होता. अशा नोंदी शिल्लक राहिल्या, म्हणून आजचे अभ्यासक तो दुष्काळ आणि प्रशांत महासागरातील एल निनो यांचा संबंध जोडू शकतात. आमच्या गावोगावच्या वृद्धांना बहात्तरचा दुष्काळ दिवसांसकट आठवतो, पण त्यांच्या गावात त्या वर्षी किती मिलिमीटर पाऊस पडला हे विचारले तर उत्तर तालुक्याच्या आकड्यावर येऊन थांबते. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक असावे, नववीच्या मुलांनी पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला त्यातील पाणी मोजून वहीत लिहावे, आणि ती वही वर्ष संपल्यावर रद्दीत न जाता शाळेच्या दप्तरात राहावी, एवढे जरी झाले, तरी त्या काळच्या विज्ञानाचे सार पाठ करण्याऐवजी मुले ते आचरणात आणतील.

माझी आपल्या माध्यमातून संबंधितांना मुख्य विनंती वेरूळबद्दल आहे. लेण्यांच्या परिसरात प्रवेश करताना दिसेल अशा जागी एक फलक किंवा लहानसे दालन असावे, त्यात गंगाराम तांबट याने केलेल्या रेखाटनांच्या मोठ्या प्रती लावाव्यात, आणि त्यांच्याशेजारी त्या त्या लेण्याची आजची छायाचित्रे असावीत, म्हणजे सव्वादोनशे वर्षांत कोणते शिल्प झिजले आणि कोणता खांब दुरुस्त झाला, हे पाहणाऱ्याला स्वतः पडताळता येईल. डोंगराचा एक उभा छेद दाखवून लाव्हाचे थर समजावणारे चित्रही तिथेच असावे. हा मजकूर मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत असावा. येलचे कला केंद्र आपल्या संग्रहातील सार्वजनिक मालकीच्या कलाकृतींच्या प्रतिमा मुक्तपणे उपलब्ध करून देते, त्यामुळे खर्च छपाई आणि चौकटींपुरताच येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील इतिहासाच्या आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी मिळून मजकूर तपासून दिला, तर त्यात चुका राहणार नाहीत. शाळांच्या सहली दिवाळीनंतर सुरू होतात. त्याआधी निदान गंगारामच्या रेखाटनांचा फलक उभा राहिला, तर येत्या हंगामातच हजारो मुले तो वाचतील, आणि आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा केला तर हे काम मार्गी लागायला वेळ लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर